बापाला रजा कशाला हवी? बाळंतपण, मेंदू आणि तासांचा हिशोब

नोव्हेंबर 2024 मध्ये रोहित शर्मा पर्थची पहिली टेस्ट खेळला नाही. 15 तारखेला त्याला मुलगा झाला, टेस्ट 22 ला सुरू होणार होती, आणि मधल्या आठवड्यात आपल्याकडे जो काही कल्ला झाला तो आठवत असेल. कॅप्टन आहे, देशाचं काम आहे, बायकोजवळ बघायला घरात दहा माणसं आहेत वगैरे. गावस्करांनी तर सांगून टाकलं की पहिली टेस्ट चुकणार असेल तर मग पूर्ण सिरीज बुमराहलाच कॅप्टन करा. स्वतः गावस्करांना 1976 मध्ये मुलगा झाला तेव्हा ते संघाबरोबर परदेशात होते आणि दौरा पूर्ण करूनच घरी आले. तो काळच तसा होता. (पर्थची टेस्ट बुमराहच्या कॅप्टनशिपखाली आपण 295 रननी जिंकली, म्हणजे जग काही बुडालं नाही.)

पण क्रिकेट सोडा. ह्याच प्रश्नाची घरगुती आवृत्ती प्रत्येक ऑफिसात ऐकू येते. माझ्या वेळी मी रजा मागितली तेव्हा साहेब मनापासून हसून म्हणाले, "अभिनंदन! पेढे कुठायत? आणि रजा? बाळंतपण तुझं आहे का बायकोचं?" मलाही तेव्हा हसू आलं, कारण खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून हा लेख.

आधी नियम काय आहे ते बघू

पॅटर्निटी लीव्ह म्हणजे मूल झाल्यावर बापाला मिळणारी पगारी रजा, सरकारी भाषेत पितृत्व रजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 1972 च्या रजा नियमांमधल्या 43-अ ह्या कलमाखाली ती 15 दिवस मिळते. अट अशी की हयात मुलं दोनपेक्षा कमी हवीत, आणि रजा डिलिव्हरीच्या आधी 15 दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घ्यायची, नाही घेतली तर बुडाली. हे "सहा महिन्यांपर्यंत" लक्षात ठेवा, शेवटी ह्याचं काम आहे.

प्रायव्हेट नोकरीवाल्यांसाठी देशात असा काही कायदाच नाही. आईसाठी 1961 चा मातृत्व लाभ कायदा होता, 2017 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, चांगलंच झालं, पण त्या अख्ख्या कायद्यात बाप नव्हता. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो नाही. म्हणजे कंपनीची मर्जी. कुणी पाच दिवस देतं, काही मोठ्या कंपन्या काही आठवडे देतात, आणि बरेच जण म्हणतात सीएल टाका.

प्रयत्न झाला होता, आणि तो आपल्या हिंगोलीच्या खासदारांनी केला होता. राजीव सातव यांनी लोकसभेत 2017 चं पितृत्व लाभ विधेयक मांडलं. त्यात बापासाठी पगारी रजेची कल्पना होती, आणि ती सगळ्या क्षेत्रांना लागू करायची होती. पण ते खासगी विधेयक होतं, म्हणजे मंत्र्यांनी नाही, साध्या खासदाराने मांडलेलं. अशा एकाही विधेयकाचा आपल्याकडे 1970 नंतर कायदा झालेला नाही. सातव 2021 मध्ये गेले आणि विषय पुन्हा तिथेच राहिला. अपवाद सिक्कीम, तिथे 2023 मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आईला 12 महिने आणि बापाला एक महिना जाहीर झाला.

बाप आधीच तयार असतो की होतो?

आता मुख्य मुद्दा. आपली सगळ्यांची पक्की समजूत असते की आईला "आतून कळतं", बाळ कशासाठी रडतंय ते तिला देवाने सांगून पाठवलेलं असतं, आणि बाप बिचारा धांदरट, त्याला काही कळत नाही.

भाकरीचं उदाहरण घ्या. ज्या बाईच्या हातच्या भाकऱ्या टम्म फुगतात तिला विचारा, पहिल्या पन्नास कशा झाल्या होत्या. कुणी पोटातून थापायला शिकून येत नाही. पीठ किती मळायचं, पाणी कधी फिरवायचं, कडा कधी फाटणार हे हाताला कळतं आणि ते फक्त थापून थापूनच कळतं. बाळाचं अगदी तसंच आहे आणि हे नुसतं म्हणायला नाही, तपासून बघितलेलं आहे.

फ्रान्समधल्या संशोधकांनी 2013 मध्ये एक साधा प्रयोग छापला. काही महिन्यांच्या बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं आणि आईबापांना ऐकवलं, ह्यातलं तुमचं कोणतं ओळखा. आयांनी साधारण 90 टक्के वेळा बरोबर ओळखलं. बापांचे मात्र दोन गट पडले. जे दिवसाला चार तासांहून जास्त बाळासोबत असायचे त्यांचाही आकडा 90 च्या आसपास, आयांइतकाच. जे चार तासांहून कमी असायचे ते 75 च्या आसपास. म्हणजे फरक बाई-पुरुषाचा नव्हता, तासांचा होता.

दुसरा प्रयोग इस्राएलमधला, 2014 चा. रूथ फेल्डमन यांच्या टीमने पहिल्यांदाच आईबाप झालेल्या 89 जणांचा मेंदू एमआरआयमध्ये बघितला, आत त्यांना स्वतःच्याच बाळासोबतचे व्हिडिओ दाखवले. त्यात तीन प्रकारचे लोक होते: बाळाचं मुख्यतः सगळं करणाऱ्या आया, मदतीला असणारे बाप, आणि घरात बाईच नाही असे दोन पुरुषांच्या जोडप्यातले बाप, म्हणजे जे करायचं ते त्यांनीच. आयांच्या मेंदूत अमिग्डाला नावाचा एक भाग जोरात पेटलेला दिसला, सोप्या भाषेत तो घरातली धोक्याची घंटा समजा, बाळाने नुसतं हूं केलं तरी झोपेतून उठवणारी. मदतनीस बापांमध्ये ती घंटा तेवढी वाजत नव्हती, तिथे समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणारा भाग जास्त चालत होता. आणि सगळं स्वतः करणाऱ्या बापांमध्ये? दोन्ही. घंटा आयांसारखी वाजत होती आणि अंदाजवाला भागही चालू होता. वर हेही दिसलं की बाप जितका जास्त वेळ बाळाचं प्रत्यक्ष करतो तितकी त्या दोन भागांमधली वायरिंग घट्ट.

हे वाचल्यावर मी बायकोला म्हणालो की म्हणजे मी रात्री उठायचो नाही त्याला कारण आहे, माझी घंटाच बसवलेली नव्हती. ती म्हणाली, बसवायला तू घरी होतास कुठे.

टेस्टोस्टेरॉन कमी होतं म्हणे, मग मर्दानगीचं काय?

हा प्रश्न लोक उघड विचारत नाहीत पण मनात असतो, म्हणून उरकूनच टाकू. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांमध्ये जास्त असणारं हार्मोन, स्पर्धा, जोडीदार मिळवणं ह्या गोष्टींशी जोडलेलं. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात 624 तरुणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि 2011 मध्ये निष्कर्ष आले की जे बाप झाले त्यांचं सकाळचं टेस्टोस्टेरॉन साधारण पाव हिस्सा आणि संध्याकाळचं एक तृतीयांश उतरलं, एकट्या राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यातही जे रोज तीन तास किंवा जास्त पोराचं करत होते त्यांचं अजून खाली.

गंमत पुढे आहे. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन सुरुवातीला जास्त होतं तेच पुढे लग्न होऊन बाप होण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे कमी मर्द लोक बाप झाले असं नाही, तर बाप झाल्यावर शरीराने गिअर बदलला. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये असलेली गाडी गल्लीत आणल्यावर दुसऱ्यावर आणावीच लागते, त्याने इंजिन खराब होत नाही.

हा बदल कुणाला जड जातो हेही खरं. नव्या बापांमध्ये साधारण दहातल्या एकाला बाळंतपणाच्या आसपास डिप्रेशनची लक्षणं दिसतात असं 2010 च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं होतं. आपल्याकडे त्याला "आजकाल जरा चिडचिडा झालाय" म्हणतात आणि विषय संपतो.

आपला खास प्रॉब्लेम: पहिलं बाळंतपण माहेरी

आता वरचे प्रयोग आणि आपली पद्धत शेजारी ठेवून बघा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, मग पोरगी माहेरी जाते. डिलिव्हरी तिथे, बारसं तिथे, सव्वा महिना तिथे, आणि मग "एवढ्यात कशाला, जरा बाळाने मान धरू दे" करत तीन महिने, काही घरांत पाच. नोकरीवाला बाप कुठे आहे? तो आपल्या गावी डबा लावून बसलाय आणि शनिवारी एसटीने सासुरवाडीला जातोय.

पद्धत वाईट नाही हं. उलट माझ्या मते आपल्याकडच्या शहाण्या पद्धतींपैकी आहे. पोरीला स्वतःच्या आईजवळ आराम मिळतो, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, आणि मुख्य म्हणजे सासरच्या स्वयंपाकघरातून सुटका. ज्या काळात सून म्हणजे दिवसभर चुलीपुढे, तेव्हा बाळंतिणीला वाचवायचा हा एकच पक्का मार्ग होता. फक्त त्यात एक हिशोब कुणी केला नाही, की ज्या दिवसांत बापाची भाकरी फाटत फाटत जमायला लागली असती नेमके तेच दिवस त्याला परातीपासून लांब ठेवलं जातं.

मी पुण्यात, बायकोचं माहेर कराडला. शुक्रवारी रात्री स्वारगेटवरून गाडी पकडायची आणि रविवारी संध्याकाळी परत. बारशाच्या दिवशी माझा मान मोठा होता, टॉवेल-टोपी, आहेर, आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हा टाळ्या. मग कुणीतरी बाळ माझ्या हातात दिलं. ते मी असं धरलं होतं जसं लग्नात कुणी नारळ-तांदळाचं ताट धरायला देतं आणि कुठे ठेवायचं ते सांगत नाही. बाळ रडलं. दोन सेकंद, फार तर तीन, आणि सासूबाई आल्या, "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं." प्रेमानेच म्हणाल्या. मीही सुटलो म्हणून लगेच दिलं. पुढच्या प्रत्येक शनिवारी तेच. तीन महिन्यांनी बायको घरी आली तेव्हा तिच्या हातून एकट्या लंगोटांचेच हजारभर बदल झालेले होते, आणि माझे शून्य. मग घरात काम वाटून कसं घेणार? जिला येतं ती पटकन करून टाकते, ज्याला येत नाही तो बाजूला उभा राहून "काय आणू का?" विचारतो, आणि दोघांनाही वाटतं की हे निसर्गानेच असं ठेवलंय.

सैन्यातल्या घरांमध्ये हे अजून टोकाला जातं. साताऱ्याकडच्या एका फौजी काकांनी सांगितलेलं, ते रजेवर आले तेव्हा दीड वर्षाचा मुलगा त्यांना बघून दाराआड लपला आणि आजीला म्हणाला, "कोणीतरी आलंय." काका हे सांगताना हसतात, पण तीस वर्षं झाली तरी सांगतातच.

पण दूध तर आईच पाजते, बाप करणार काय?

नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. तेवढं सोडून बाकीची यादी करून बघा: ढेकर काढणं, लंगोट, दुपट्यात गुंडाळणं, अंघोळ, झोपवणं, पुन्हा झोपवणं, रात्री अडीचला उगाचच जागं झालेल्या बाळाला घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या. ह्यातल्या एकाही कामाला छातीत दूध लागत नाही. उलट छाती नुसतीच लागते असं एक काम आहे. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायचं, त्याला कांगारू केअर म्हणतात, 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून हे सुरू झालं आणि आता जगभर करतात. नावात "मदर" असलं तरी आई दमली किंवा आजारी असेल तर बाप करू शकतो, आणि कितीतरी हॉस्पिटलांत नर्स स्वतःच बापाला शर्ट काढून बसायला सांगतात. बाळाला ऊब हवी असते, ती कुणाची हे ते विचारत नाही.

आणि बाळ सोडा, बाळंतिणीचं काय? सिझर झालेल्या बाईला कुशीवर वळताना हात लागतो. तिला आठ दिवसांत ऑफिसला गेलेला नवरा कसा पुरणार.

"सांग ना, मी करतो" यात चूक काय?

मेंटल लोड हा शब्द आजकाल सगळीकडे असतो. अर्थ साधा आहे: काम करणं वेगळं आणि कामाची आठवण वागवणं वेगळं. अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये जोडप्यांच्या मुलाखती घेऊन त्याचे चार तुकडे केले. काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं का बघणं. ठरवताना नवरा-बायको बऱ्यापैकी सोबत असतात. पहिलं आणि शेवटचं मात्र जास्त करून बायकोच्या डोक्यात.

स्वतःची परीक्षा घ्यायचीय? लसीचं कार्ड न बघता सांगा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. तुमच्या बाळाची पुढची तारीख कोणती? आणि मागच्या लसीनंतर ताप आला होता तेव्हा औषध किती एमएल दिलं होतं? मला नव्हतं माहीत. मी दवाखान्यात गाडी घेऊन हजर असायचो, टोकन काढायचो, बिल द्यायचो, म्हणजे मदत भरपूर, पण बाजूच्या सीटवर बसून. बाजूच्या सीटवर वीस वर्षं बसलं तरी गाडी शिकता येत नाही.

देशभराचा आकडा बघायचा तर सरकारच्याच 2024 च्या टाइम यूज सर्वेक्षणात, म्हणजे लोक दिवसाचे 24 तास कशात घालवतात त्याच्या पाहणीत, 15 ते 59 वयातल्या 41 टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करतात असं निघालं, पुरुष 21.4 टक्के. आणि जे करतात त्यांच्यातही बायका दिवसाला 140 मिनिटं, पुरुष 74.

आमच्या वडिलांनी कुठे लंगोट बदलले? आम्ही वाढलोच ना!

हा सगळ्यात दमदार आक्षेप आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे वडील गिरणी सुटल्यावर यायचे, आम्ही झोपलेलो असायचो. त्यांनी मला कधी भरवल्याचं आठवत नाही. वाढलो की.

पण वाढवलं कुणी ते मोजा. खोली दहा बाय बारा, पण बाहेर अख्खी चाळ. आजी, आत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू, शेजारची दहा वर्षांची ताई जी मला कडेवर घेऊन लगोरी खेळायची. बाळाला लागणारे तास तेव्हाही तेवढेच होते, ते सात-आठ हातांत वाटले जायचे. आता वाकडच्या वन बीएचकेमध्ये तेच तास आहेत आणि हात चार. त्यातले दोन जर सकाळी आठ ते रात्री आठ हिंजवडीत असतील तर उरलेल्या दोन हातांचं काय होतं ते त्या हातांना विचारा. तेव्हाचे वडील वाईट होते असं कुणीच म्हणत नाहीये, त्यांच्यावाचून भागत होतं, आता भागत नाही.

ह्यातच दुसऱ्या एका काळजीचंही उत्तर आहे. ज्या घरात बापच नाही, वारला, सोडून गेला, त्या पोरांचं वाटोळं झालं का? अजिबात नाही. वरचे प्रयोग हे सांगतच नाहीत की मिशीवाला माणूस लागतोच. ते सांगतात की करणारा माणूस करून करून घडतो, मग तो बाप असो, मामा असो की आजी. एकटीने पोरं वाढवलेल्या आया आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. त्यांना हे मोजून दाखवायची गरज नाही.

बरं, बापाने जवळ असणं हे काही पाश्चात्त्य फॅडही नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांमध्ये बाप दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ बाळाला कडेवर घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतो, बॅरी ह्यूलेट नावाच्या मानवशास्त्रज्ञाने तिथे राहून मोजलं, आकडा 47 टक्के. त्यांच्याकडे ना एचआर ना पॉलिसी.

रजा दिली तर घेतील तरी का?

नॉर्वेमध्ये आईबापांची सामायिक रजा होती तेव्हा बाप घेतच नव्हते, शंभरात तीन-चार. 1993 मध्ये त्यांनी चार आठवडे फक्त बापाच्या नावाने वेगळे काढले, वापरा नाहीतर बुडाले, बायकोला देता येणार नाहीत. काही वर्षांत दहातले सात बाप घेऊ लागले. माणसं तीच, नुसती नियमाची एक ओळ बदलली. आपल्याकडे एसटीत "महिलांसाठी राखीव" लिहिलेलं नसतं तर त्या सीटवर कोण बसलं असतं, तसंच.

उलटं उदाहरण जपान. तिथे बापांना कागदावर जगातली सगळ्यात भरघोस रजांपैकी एक होती, वर्षभरापर्यंत, आणि 2019 मध्ये ती घेणारे साडेसात टक्क्यांच्या आत. कारण साहेब काय म्हणतील. मग 2021 मध्ये कायदा बदलून कंपनीवरच जबाबदारी टाकली की मूल होणार आहे कळल्यावर तुम्ही स्वतः कर्मचाऱ्याला विचारायचं. 2023 मध्ये आकडा 30 टक्क्यांवर गेला. म्हणजे रजा द्या, पण मागायची लाज कर्मचाऱ्याच्या गळ्यात ठेवू नका.

रजा घेऊन मोबाइल बघत लोळेल त्याचं काय?

लोळतील की काही जण. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या विभागांमध्ये मूल झाल्यावर प्राध्यापकांना कायम होण्यासाठी एक वर्ष जास्त देण्याची सोय होती, स्त्री-पुरुष दोघांना सारखी. 2018 मध्ये तपासलं तर पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलेलं आणि बायकांचं घटलेलं. पुरुषांनी त्या वर्षात पेपर लिहिले, बायकांनी बाळं सांभाळली. त्यामुळे "पुरुषांनाही द्या की झालं" म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं. मला त्यातून एवढंच वाटतं की आई आणि बाप दोघं एकाच वेळी घरी असतील तर बाप मदतनीसच राहतो. काही दिवस तरी तो एकटा बाळासोबत असायला हवा, आई बाहेर, फोन बंद. तेव्हाच घंटा बसते.

आणि पैसे? हा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्याकडे 26 आठवड्यांच्या रजेचा पगार बहुतेक ठिकाणी मालक देतो (महिना 21,000 पर्यंत पगारवाल्यांना ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं), म्हणून छोटा मालक लग्नाच्या वयाच्या मुलीला घेतानाच दहा वेळा विचार करतो. स्वीडनमध्ये 1974 पासून आईबाप दोघांसाठी रजा आहे पण पैसे सामाजिक विम्यातून येतात, थेट मालकाच्या गल्ल्यातून नाही. आपल्याकडे बापाची रजा आणायची आणि बिल पुन्हा मालकाच्याच नावावर फाडायचं ठरलं तर छोटे धंदेवाले बोंबलतील, आणि त्यांचं चुकेल असं नाही.

शिवाय रजा कुणाला? बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला "एक कोयता" म्हणतात, नवरा-बायको मिळून एक. बाळ फडाच्या कडेला झोळीत. तिथे आईलाच 26 आठवडे कुणी देत नाही, बापाचं तर सोडाच. रिक्षावाला, वायरमन, भाजीवाला, ह्यांच्यासाठी रजा म्हणजे त्या दिवसाची चूल. ही सगळी चर्चा पगारदार लोकांपुरती आहे हे कबूल करूनच करावी लागते.

माहेर आणि रजा जुळवायची कशी?

आता ते सुरुवातीचं "सहा महिन्यांपर्यंत". बहुतेक सरकारी नोकर डिलिव्हरीच्या दिवशी रजा टाकतात, पंधरा दिवस सासुरवाडीला जावई म्हणून पाहुणचार घेतात, आणि परत येतात. माझा एक मित्र केंद्र सरकारच्या खात्यात आहे, त्याने डोकं लावलं. डिलिव्हरीला त्याने चार सीएल घेतल्या. पंधरा दिवसांची रजा राखून ठेवली आणि अडीच महिन्यांनी बायको-बाळ घरी आले त्या दिवसापासून सुरू केली. सासूबाई नाहीत, आईला त्याने मुद्दाम गावीच थांबायला सांगितलं, तिला राग आला, तो त्याने सहन केला. प्रायव्हेटवाल्यांनीही विचारून बघायला हरकत नाही, रजा थोडी पुढे ढकलून घेता येईल का, बऱ्याचदा चालतं.

पाचव्या दिवशी त्याने बायकोला मैत्रिणीकडे पाठवलं. दूध काढून ठेवलेलं होतं. दुपारी दीडला त्याचा मला फोन, मागे बाळ किंचाळतंय, "अरे हे थांबतच नाहीये, दूध दिलं, लंगोट बदलला, आता काय करू?" मला काय कप्पाळ माहीत. मी म्हटलं बायकोला फोन कर. तो म्हणाला, "नाही, तिला नाही करणार," आणि ठेवून दिला.

वीस मिनिटांनी मेसेज आला. कुंचीची नाडी कानामागे टोचत होती.